रांगेतला पाचवा साग

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेडीज हॉस्टेलच्या बोर्डावर एक नोटीस लागली होती. आठवत नसेल तर सांगते: 'हॉस्टेलच्या मागील बाजूची सागाची नऊ कीडग्रस्त झाडे काढून त्या जागी एकसारख्या वाढीची निरोगी रोपे लावण्याचे विचाराधीन आहे. सूचना असल्यास महिनाअखेर द्याव्यात.' नोटीस वाचून आमच्या अख्ख्या विंगने टाळ्या वाजवल्या. त्यात मीही होते, हे आधीच कबूल करते.

कारण तुम्हीच विचार करा. जुलै महिन्यात त्या झाडांवरून बारीक रेशमी धाग्यांना लटकत अळ्या खाली येतात. दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलवर, बादलीत, एकदा तर माझ्या जर्नलवर. सप्टेंबर आला की पानांची चाळणी होते. हिरवा भाग सगळा गायब, नुसती शिरांची जाळी उरलेली. खिडकीतून बघितलं की वाटतं, कुणीतरी झाडांना जुन्या गोणपाटाचे कपडे घातलेत. असली झाडं कुणाला हवीत?

महिनाअखेर काही मी सूचना दिली नाही (सबमिशन होती!). पण निर्णय अजून झालेला नाही, परीक्षेनंतर बघू असं ठरलंय. म्हणून उशिरा का होईना, ही माझी सूचना. एका पानात मावत नव्हती, म्हणून लेख झाला. मी कॉन्व्हेंटमधली. बारावीपर्यंत सागाला 'टीक' म्हणायचे आणि टीक म्हणजे फर्निचर एवढंच मला माहीत होतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. मुद्दा मात्र माझा मला पक्का माहीत आहे.

मुद्दा असा, की ती नऊ झाडं 'नऊ कीडग्रस्त झाडे' नाहीतच. ती नऊ वेगवेगळी झाडं आहेत.

हे मला कसं कळलं ते ऐका. टाळ्या वाजवल्या त्याच संध्याकाळी मी कपडे काढायला मागे गेले होते. माळीकाका पानं झाडत होते. सहज वर बघितलं तर रांगेतला पाचवा साग हिरवागार. डावीकडच्याची चाळणी, उजवीकडच्याचीही बऱ्यापैकी, आणि हा मधोमध असा उभा, जणू त्याला कुणी नोटीस दाखवलीच नाही. मी काकांना विचारलं, "काका, ह्याला औषध मारलं का?" काका म्हणाले, "न्हाई ताई. अळ्यांना ह्याची चवच लागत न्हाई. दरसाल असंच. तुमी आत्ता बघितलं."

दोन वर्षं त्या झाडाखाली कपडे वाळत घातले आणि मी आत्ता बघितलं. इंजिनिअरला हे जरा लागतंच.

मग मी जे आपल्याला येतं ते केलं. मोजलं. काकांनी आकडीने प्रत्येक झाडाची दहा-दहा पानं काढून दिली. ड्रॉइंगचा उरलेला ग्राफ पेपर घेतला. सागाचं पान एवढं मोठं, की दोन कागद जोडावे लागले. पान कागदावर ठेवून किती चौकोन खाल्ले गेलेत ते मोजायचं. रूममेट म्हणाली, "हिला वेड लागलंय." तीन रात्री गेल्या. शेवटी जे निघालं ते असं: सात झाडांची पानं निम्म्याहून जास्त जाळीदार, सहाव्याचं मध्यम नुकसान, आणि पाचव्याच्या दहा पानांचं नुकसान एकत्र केलं तरी ते एका पानाएवढंही भरलं नाही. कुणी म्हणेल, पाचव्याजवळून बाथरूमचं पाणी जातं म्हणून असेल. पण तेच पाणी चौथ्याजवळूनही जातं, आणि चौथ्याची अवस्था सर्वांत वाईट.

सँपल लहान आहे, मला मान्य. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी हे वाचलं तर माझा व्हायवा तिथेच घेतील. पण ज्यांचं सँपल मोठं होतं त्यांनी काय बघितलं, ते लायब्ररीत शोधल्यावर मी गारच पडले.

केरळमध्ये निलंबूर नावाचं गाव आहे. १८४० च्या दशकात इंग्रजांनी तिथे सागाची लागवड सुरू केली. जगातल्या सर्वांत जुन्या साग-लागवडींमध्ये तिची गणना होते. त्यामुळे सागाच्या किडींचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तोही तिथेच. केरळ वनसंशोधन संस्थेचे के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तरुण सागाच्या काही झाडांना किडीपासून वाचवलं, काहींना तसंच सोडलं आणि लाकूड किती वाढतं ते मोजत राहिले. त्यांना दिसलं की कोवळी पानं अख्खी खाणारी अळी (शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा, आपल्याकडे जुलैत लटकणारी हीच) लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी कमी करते. झाड मरत नाही, नवी पानं काढतं, पण वाढ मागे पडते. मात्र पावसाळा सरताना जून झालेल्या पानांची जाळी करणारी जी दुसरी अळी आहे, तिच्यामुळे वाढीत म्हणण्यासारखा फरक पडलाच नाही. ती येते तेव्हा पानाचं काम बहुतेक उरकलेलं असतं. थोड्या महिन्यांत ते गळणारच असतं.

म्हणजे बघा, सप्टेंबरमध्ये जी जाळी बघून आपण झाडांना 'कीडग्रस्त' ठरवलं, ती झाडाला फारशी लागतच नाही. आपल्या डोळ्यांना लागते. आणि आपल्याला ते लाकूड विकायचं आहे का? आपल्याला पावसाळ्यात समोर हिरवं काहीतरी हवं, एवढंच.

त्याच निलंबूरच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात आणखी एका गोष्टीची नोंद केली. जाळी करणाऱ्या अळीला दाद न देणारं सागाचं एक झाड. भोवतालच्या झाडांची पानं जाळीदार आणि हे हिरवं. एकच झाड! मी ते वाचून थेट खाली धावले आणि काकांना सांगितलं, "काका, केरळमध्येपण एक आहे!" काका म्हणाले, "असंलच की."

आता प्रश्न असा, की एकाच जातीची, एकाच रांगेतली झाडं अळीला इतकी वेगळी का वाटतात? जगात यावर बरंच काम झालंय. त्यातल्या तीन गोष्टी मला कळल्या तशा सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ वायथम नावाचं रान आहे. तिथल्या ओक झाडांवर विंटर मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्या असतात. मादीला उडता येत नाही. ती हिवाळ्यात खोडावरून चालत वर जाते आणि अंडी घालते. वसंतात अळी बाहेर येते तेव्हा कळ्या उघडलेल्या नसल्या तर उपाशी मरायची पाळी. उशीर झाला तर पान निबर होतं आणि त्यात टॅनिन वाढतं, म्हणजे चहाला तुरटपणा आणणारी द्रव्यं. हा टॅनिनचा भाग पॉल फीनी यांनी १९७० साली दाखवला. आणि गंमत अशी, की रानातले सगळे ओक एकाच दिवशी पालवत नाहीत. शेजारशेजारच्या दोन झाडांत दोन-तीन आठवड्यांचाही फरक असू शकतो. मेस उघडायच्या आत पोचलात तर उपाशी आणि उशिरा गेलात तर वातड पोळी, हे दुःख आपल्याइतकं कुणाला कळणार? अळीसाठी प्रत्येक झाड ही वेगळ्या वेळेला उघडणारी मेस आहे.

दुसरी गोष्ट चवीची. ऑस्ट्रेलियात योवल नावाच्या गावाजवळ मेंढ्यांच्या कुरणात निलगिरीच्या कुळातलं एक झाड आहे. १९९० मध्ये ख्रिसमस बीटल म्हणतात त्या भुंगेऱ्यांनी त्याची सगळी पानं खाऊन टाकली. फक्त एक फांदी सोडली! त्या फांदीची पानं तपासली तर त्यात सिनिओल, म्हणजे निलगिरीच्या तेलाला वास देणारं द्रव्य, बाकीच्या झाडापेक्षा कितीतरी जास्त. पुढे २०१३ साली दोन्ही बाजूंचा जनुकसंच ताडून बघितला, तर फरक अगदी मोजके निघाले. म्हणजे एका झाडाच्या दोन फांद्यासुद्धा सारख्या नसतात, आणि आपण नऊ झाडं एका ओळीत संपवतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइन झाडांच्या सुयांवर खवले कीड बसते आणि रस शोषते. जॉर्ज एडमंड्स आणि डोनाल्ड अ‍ॅलस्टॅड यांनी १९७८ मध्ये लिहिलं, की एका झाडावरची कीड उचलून दुसऱ्या झाडावर नेली की ती नीट जगत नाही. त्यांचं म्हणणं, झाड जगतं शेकडो वर्षं, किडीच्या मात्र वर्षाला पिढ्या बदलतात. त्यामुळे कीड पिढ्यान्‌पिढ्या त्या एका झाडाशीच जुळवून घेते. शेजारचं झाड तिला परक्या मुलखासारखं. हे सगळ्या किडींना लागू होत नाही. पुढच्या प्रयोगांत कुठे तसं दिसलं, कुठे नाही. पण तत्त्व समजायला सोपं आहे. प्रत्येक कुलूप वेगळं असलं तर एका किल्लीने सगळं हॉस्टेल उघडत नाही.

इथपर्यंत मी रूममेटला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मग सोप्पंय. त्या पाचव्याचीच रोपं करून सगळीकडे लावा."

मला एक मिनिट काही सुचेना. कारण हे अगदी आपल्यासारखं उत्तर आहे. चांगला पीस मिळाला की त्याचंच मास प्रॉडक्शन करा! आणि ते करता येतं, अगदी आपल्या पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० सालीच जुन्या सागापासून टिश्यू कल्चरने रोपं करण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. एका झाडाच्या हजारो हुबेहूब प्रती. मग का करू नये?

याचं एक उत्तर आपल्या दारातच आहे, सुबाभूळ. १९७० च्या दशकापासून चारा आणि सरपण म्हणून तिचा जोरात प्रसार झाला, आपल्याकडे उरुळी कांचनच्या 'बाएफ' संस्थेने त्यात मोठं काम केलं. झाड उपयोगाचंच होतं, काम करणाऱ्यांचा हेतूही चांगलाच होता. पण जगभर जी सुबाभूळ लावली गेली ती मोजक्याच वाणांची होती, आणि तिच्या फुलात स्वतःच्याच परागांनी बी धरतं. त्यामुळे देशोदेशी उभी राहिली ती जवळजवळ झेरॉक्स कॉपी. मग कोवळ्या पानांचा रस शोषणारा, दोन मिलिमीटरच्या आसपासचा एक किडा, सिलिड, फिरायला निघाला. १९८४ मध्ये तो हवाई बेटांवर पोचला, १९८८ मध्ये भारतात. त्याला वाटेत वेगळं कुलूप फारसं लागलंच नाही. शेवटी त्याला खाणारे लेडीबर्ड जातीचे भुंगेरे बाहेरून आणावे लागले.

दुसरं उत्तर अ‍ॅरिझोनातलं. तिथे सनसेट क्रेटर नावाच्या ज्वालामुखीच्या परिसरात पिन्यन पाइनची झाडं आहेत. त्यातल्या काहींचे कोंब एका पतंगाची अळी पोखरते, त्यामुळे ती झुडपासारखी खुजी राहतात. शेजारच्या काहींना ही अळी फारशी लागत नाही, ती ताठ उंच वाढतात. (इथे अळी पान नाही, कोंब खाते, पण मुद्दा तोच.) थॉमस व्हिटहॅम यांचा गट ही झाडं वर्षानुवर्षं बघतोय. आपल्या हातात गेज असतं तर आपण खुजी झाडं रिजेक्ट केली असती ना? २००२ मध्ये भयंकर दुष्काळ पडला. आणि मेली कोण? अळीला दाद न देणारी, उंच, देखणी झाडं. खुज्या झाडांच्या मानाने त्यांच्यात मरण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. म्हणजे 'निरोगी झाड' असं काही नसतंच का? असतं, पण कशापुढे निरोगी, हे विचारावं लागतं. आपला पाचवा साग या अळीपुढे हिरो आहे. उद्या पाणी कमी पडलं तर कदाचित ती चाळणी झालेली चौथी किंवा दुसरीच टिकतील. कुठली परीक्षा येणार हे माहीत नसताना एकाच प्रकारचे विद्यार्थी बसवायचे, याला प्लॅनिंग म्हणत नाहीत.

मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये आपण गो-नोगो गेज वापरतो. गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये. पास की रिजेक्ट, विषय संपला. बेअरिंगसाठी ते बरोबरच आहे, कारण बेअरिंग एकसारखं नसेल तर मशीन बिघडतं. व्हेरिएशन म्हणजे एरर, हे आपल्या डोक्यात पहिल्या वर्षापासून इतकं बसलंय, की आपण तेच गेज घेऊन झाडाकडे जातो. पण रांगेतल्या झाडांत व्हेरिएशन हाच तर सेफ्टी फॅक्टर आहे! आणि कट-ऑफ लावून कुणी आपल्यालाच एका गेजमधून काढलं, की आपण केवढे चिडतो, ते आठवा.

आता विरोधी बाजू. रेक्टर मॅडमचं म्हणणं अगदीच चूक नाही. आठव्या झाडाच्या खोडात पोकळी आहे आणि ते पाण्याच्या टाकीवर झुकलंय. मे महिन्यातल्या वादळात त्याचीच फांदी पडली होती. ते जाणकाराला दाखवून, रीतसर परवानगी घेऊन काढावं लागलं तर माझी तक्रार नाही. अळ्यांचा त्रासही खोटा नाही, मीही किंचाळलेली आहे. पण जुलै-ऑगस्टचे दोन महिने कपड्यांच्या दोऱ्या गच्चीवर हलवल्या तर तो प्रश्न बहुतेक मिटतो. त्यासाठी लागतात चार खुंट्या आणि एक दोरी. मोठी फवारणी केली तर औषध झाडाआधी आपल्याच खिडक्यांतून आत येणार.

म्हणून माझी सूचना अशी. झाडं एकत्र 'नऊ' म्हणून मोजू नका. एक ते नऊ नंबर घाला आणि प्रत्येकाची वही ठेवा: पालवी कधी फुटली, अळी कधी आली, पानं किती गेली, कधी गळली. एनएसएसच्या तासांत हे सहज होईल, आणि पाच वर्षांनी आपल्या कॉलेजकडे अशी माहिती असेल जी विकत मिळत नाही. नवी रोपं लावायचीच असतील तर जरूर लावा, पण एकाच नर्सरीची एकाच मापाची नकोत. वेगवेगळ्या ठिकाणच्या बियांपासून केलेली लावा, आणि नुसता सागच नको, कडुनिंब, करंज, जांभूळही येऊ द्या. पाचव्या सागाच्या बियाही त्यात असू द्या, फक्त त्याच नकोत.

आपल्या राज्यातल्या शहरी भागांच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' म्हणून वेगळं धरलं गेलं. म्हणजे कायदासुद्धा आता झाडाला निदान वय विचारतो. आपण तर शिकलेली माणसं, थोडी जास्त चौकशी करू शकतो.

असो. लेख लांबला. परीक्षा संपल्यावर पहिल्या रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, मी डबाभर चुना आणि ब्रश घेऊन हॉस्टेलच्या मागे असेन. झाडांवर नंबर घालायचेत. माळीकाका येणार आहेत, ग्राफ पेपर माझ्याकडे आहे. रूममेटही येते म्हणालीय, वेडाची साथ असते म्हणतात. तुम्हीही या. आणि आलात की आधी पाचव्याकडे धावू नका. चौथ्याकडे बघा. त्याने या वर्षी सगळ्यांत जास्त खाऊ घातलंय, आणि तरीही तो उभा आहे.